‘काहीच खात नाही’ आणि पाच बाटल्या दूध

“मॅडम, दोन घास गेले की तोंड फिरवते. काहीच खात नाही हो ही.” मुलगी चौदा महिन्यांची. सोबत आई आणि आजी. तक्रार एकच, पण निदान दोघींची वेगवेगळी. आईला शंका की पोटात काहीतरी दुखत असावं. आजींचं मत, सुनेला धीर नाही, भरवणं जमत नाही. (ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत.)

अशा वेळी आधी वजन बघायचं आणि मग बोलायचं. माता-बाल संरक्षण कार्डातल्या गुलाबी तक्त्यावर दहाव्या महिन्यात ७.६ किलो होतं, आता ८.४. या वयाच्या मुलींचं मध्यम वजन साधारण ९.४ किलो असतं, आणि ७.४ च्या खाली गेलं तर ते कमी वजन धरतात. म्हणजे मुलगी बारीक होती, पण आपल्या रेषेला धरून वाढत होती. शिवाय पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या तिप्पट होणारं बाळ दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. वाढदिवस झाला आणि खाणं कमी झालं, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरातून येते ती यामुळेच.

पण हात आणि ओठ फिकट दिसत होते. म्हणून पुढचा प्रश्न विचारला: काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं? ‘खाल्लं काय’ असं विचारलं की लोक दूध धरतच नाहीत.

सहाला अर्धवट झोपेत १५० मिलिची बाटली. नऊला दुधात बुडवलेली दोन बिस्किटं. अकराला आंघोळ आणि दुसरी बाटली. एकला मोबाइलवर गाणी लावून मिक्सरमधून काढलेला वरणभात. पाऊण तास भरवाभरवी, पोटात गेले सहा-सात चमचे. “काहीच गेलं नाही” म्हणून दोनला तिसरी बाटली. संध्याकाळी पाचला चौथी, मध्ये आजोबांच्या बशीतला चहा. रात्री पुन्हा वरणभाताची झटापट, आणि झोपताना पाचवी. प्रत्येक बाटलीत एक चमचा साखर.

आता हिशेब. ७५० मिलि गाईच्या दुधातून सुमारे ४९० किलोकॅलरी, साखरेच्या ८०-९०. झाल्या पावणेसहाशे. या वयाला किलोमागे साधारण ८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे हिला ६७० च्या आसपास. उरलेल्या शंभर तिनं बिस्किटं आणि वरणभातातून पुऱ्या केल्या. मुलगी उपाशी नव्हती, तिचं पोट भरलेलं होतं. वजनही त्यामुळेच तगून होतं आणि घरात कुणाच्या काही लक्षात येत नव्हतं.

अडचण कॅलरीची नाही, लोहाची. या वयाला रोज ८ मिलिग्रॅम लोह हवं आणि एवढ्या सगळ्या दुधात १ मिलिग्रॅमच्या आतबाहेरच असतं. वर दुधातलं कॅल्शियम आणि चहातलं टॅनिन दुसऱ्या अन्नातलं लोहही धड शोषू देत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाचा जन्मतः मिळालेला साठा साधारण सहा महिनेच पुरतो. बालरोगतज्ज्ञांकडे पाठवल्यावर हिमोग्लोबिन ९.६ निघालं. रक्त कमी की भूक कमी, भूक कमी की पुन्हा बाटली. जंतांचं किंवा भुकेचं औषध स्वतःच्या मनानं देऊन हे चक्र तुटत नाही. डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले. ते दुधासोबत द्यायचे नाहीत, दोन्हींत दोनेक तासांचं अंतर हवं. शी काळपट होते, त्याला घाबरायचं नाही.

दूध एकदम तोडायचं नव्हतं. दिवसाला ४०० मिलिपर्यंत आणायचं होतं. आजींचा लगेच प्रश्न: “मग हाडं कशी बळकट होणार?” रास्त प्रश्न आहे. ४०० मिलि दुधात सुमारे ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, गरज ५०० ची. दोन चमचे दह्यात काम भागतं.

पहिली गेली ती दोनची बाटली, कारण सगळ्यात जास्त नुकसान तीच करत होती. जेवण नाकारलं की गोड दूध येतं हे चौदा महिन्यांच्या मुलालाही पक्कं कळतं. तीन दिवसांनी अकराची बंद. मग सहाची बाटली जाऊन आठला थेट नाश्ता. उरलेलं दूध दुपारी चारला आणि रात्री जेवणानंतर, दोन्ही वेळा साध्या पेल्यातून, बिनसाखरेचं, आणि रात्री त्यावर दात पुसून झोप. बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलांचे पुढचे वरचे दात आधी किडतात. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही, इथेच बहुतेक घरं घसरतात.

खाण्याची वेळ वीस ते तीस मिनिटं. तोंड फिरवलं, ओठ घट्ट मिटले की ताट उचलायचं, चेहरा न पाडता. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. किती हे मुलीनं. मोबाइल बंद, त्याऐवजी घरच्यांच्या पंगतीत बसवायचं आणि समोर तिचं वेगळं ताट. सांडेल, सांडू द्यावं. काऊचा घास, चिऊचा घास चालेल. नाक दाबून घास नको.

मिक्सर मात्र त्याच दिवशी बंद करायला सांगितला. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत मऊ गुठळ्या आणि हातात धरून खायचे तुकडे मिळाले नाहीत तर चावणं शिकायला उशीर होतो आणि पुढे प्रत्येक कणावर उबळ येते. इथे तेच झालं होतं. मधली पायरी म्हणून खिमट: दोन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ, दोन्ही भाजून रवाळ भरड. पोहे खायच्या चमच्यानं दोन चमचे भरड, एक-सव्वा वाटी पाणी, शिजल्यावर अर्धा चमचा तूप. चमचा कलता केला तरी ओघळू नये इतकं घट्ट. डाळीचं पाणी बाळ पितं खरं, पण डाळ खाली राहते आणि पाणीच पोटात जातं. आठवडाभरात बोटानं कुस्करलेला वरणभात, मग मऊ पोळी वरणात, उकडलेल्या रताळ्याच्या फोडी. लोहासाठी रोज मसूर, नाचणी किंवा चिरून शिजवलेली पालेभाजी, वर लिंबाचे थेंब; अंडं, मासे, चिकन खाणाऱ्या घरात तेही. नवी चव आठ-दहा वेळा पुढे आल्याशिवाय ‘आवडत नाही’ असा शिक्का मारू नये.

उबळ आणि घास अडकणं यांतला फरक आईला दाखवून दिला. उबळ आली की आवाज येतो, चेहरा लाल होतो, मूल स्वतः घास पुढे ढकलतं. तेव्हा शांत बसायचं. आवाजच थांबला, खोकता येत नाही, ओठ निळसर, तर ती आणीबाणी. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं या वयात नकोतच.

चौथ्या रात्री ठरल्याप्रमाणे बिनसलं. मुलगी दोनला रडली, वडिलांनी बाटली दिली, सकाळचा नाश्ता वाया. दोष कुणाचा यावर फोनवर बरंच झालं. तोडगा सोपा निघाला: बाटल्या घरातूनच बाहेर काढल्या आणि रात्रीचं पाणी पाजणं वडिलांकडे दिलं. दुपारचं खिमट आजींकडे. त्यांच्या हातचं आहे म्हटल्यावर दोनच्या दुधाचा विषय त्यांनी स्वतःच काढला नाही.

अंगावर पिणाऱ्या बाळाला हेच वेळापत्रक जसंच्या तसं लावू नका. दोन वर्षं आणि पुढेही पाजायला हरकत नाही. वर्षानंतर फक्त आधी जेवण, मग अंगावर, हा क्रम ठेवायचा. आणि वजनाची रेषा खाली घसरत असेल, पातळ पदार्थावरही ठसका लागत असेल, रोज उलट्या होत असतील किंवा वर्षानंतरही एकही गुठळी जात नसेल, तर समुपदेशन पुरेसं नाही, आधी डॉक्टर.

महिन्यानं हिमोग्लोबिन १०.८ आलं. दुपारचं जेवण अर्ध्या वाटीवरून पाऊण वाटीवर, रात्रीचं अजून लहरीवर. लोहाचे थेंब डॉक्टर सांगतील तोवर, रिपोर्ट चांगला आला तरी मधेच थांबवायचे नाहीत. ते संपले की आशाताईंकडे मिळणारं लोह-फॉलिक ॲसिडचं औषध, आठवड्यातून दोनदा १ मिलि, पाच वर्षांची होईपर्यंत.