पिग्मीचा हिशेब सांभाळून बी.कॉम. होईल का?

"मॅडम, प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची डिग्री चालतीय काय ओ? पैसे घालून बसायचं आणि उद्या कोण विचारायचंच नाही, असं नको."

शिक्षणाचा सल्ला विचारायला लोक आमच्याकडे येतात, त्यात हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून सतत येतो. विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले, नोकरी सांभाळून घरून पदवी करू बघणारे, मराठी शाळेत शिकलेले. इथे ज्या ताईंची हकीकत आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, अडचणी मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. वय 34, घर येळ्ळूरला, शहापूरच्या एका सौहार्द सहकारी संस्थेत, म्हणजे पतसंस्थेसारख्याच संस्थेत, अकरा वर्षं क्लार्क. पीयूसी (बारावी) कॉमर्स झाल्यावर लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. नवरा उद्यमबागच्या फौंड्रीत, आठवड्याआड सेकंड शिफ्ट. दोन मुलं शाळेत. संस्थेत शाखा व्यवस्थापकाची जागा निघाली, अनुभव त्यांचाच जास्त होता, पण अर्जात पदवीचा रकाना होता.

आल्या तेव्हा त्यांच्या हातात एका एजंटाचं पत्रक होतं. "गेल्या वर्षीची अॅडमिशन दाखवू, दोन वर्षांत डिग्री हातात, परीक्षेचं आम्ही बघतो." सुरुवातीला पंधरा हजार रोख.

ताईंना भीती होती ती 'प्रायव्हेट' या शब्दाची. खरी भीती वाटायला हवी होती ती 'गेल्या वर्षीची' या शब्दांची. पण बोलणं आधी 'प्रायव्हेट'पासूनच सुरू झालं.

आपल्या देशात पदवी कोण देऊ शकतं हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे यूजीसीच्या 1956 च्या कायद्याच्या कलम 22 मध्ये आहे: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत (डीम्ड) विद्यापीठ, किंवा संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था. खासगी विद्यापीठ पहिल्या गटात बसतं, कारण त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाला कायदा करावा लागतो. तेही कुणा एकट्यादुकट्याला काढता येत नाही. मागे नोंदणीकृत सोसायटी, सार्वजनिक न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी असावी लागते. ना-नफा म्हणजे उरलेला पैसा मालकांनी वाटून घ्यायचा नाही, संस्थेतच घालायचा. बेळगावकरांना हे समजावायला लांब जावं लागत नाही. 1916 साली शिक्षकांनी उभी केलेली केएलई ही सोसायटीच, आणि आज तिचं अभिमत विद्यापीठ आहे. पण ना-नफा म्हणजे कमी फी, असा अर्थ मात्र काढू नका. पगार, इमारत, संगणक यंत्रणा, जाहिरात, सगळा खर्च बहुतेक ठिकाणी फीमधूनच निघतो.

उलट, सरकारी म्हटलं की डोळे मिटून पैसे भरायचे, हेही बरोबर नाही. म्हैसूरच्या राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता मध्ये काही वर्षं अडकली होती, ती 2018-19 पासून पुन्हा मिळाली. त्या मधल्या काळात प्रवेश घेतलेल्यांचे हाल झाले. आणि यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत वर्षानुवर्षं एक नाव चक्क गोकाकच्या पत्त्याचं होतं. म्हणजे फसवणूक लांब दिल्लीतच होते असं नाही.

तेव्हा खासगी की सरकारी हे बाजूला ठेवायचं आणि बघायचं ते एवढंच: या विद्यापीठाला, या अभ्यासक्रमाला, या सत्रासाठी, या पद्धतीनं शिकवायला मान्यता आहे का? चारही गोष्टी एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ही यादी सत्रवार असते. बी.बी.ए.ला मान्यता आहे पण बी.कॉम.ला नाही, असं घडतं. दूरस्थला आहे पण ऑनलाइनला नाही, असंही घडतं. ताईंनी आमच्यासमोर बसून ते पान उघडलं, विद्यापीठ आणि बी.कॉम. शोधलं, तारखेसह पीडीएफ करून ठेवलं. एजंटाच्या पत्रकावरचं नाव त्या सत्राच्या यादीत नव्हतंच.

मान्यता असेल तर पुढची शंका आपोआप मिटते. 2020 च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. तरी नोकरीच्या बाबतीत आम्ही एक पायरी वाढवतो: आपल्या संस्थेच्या सेवानियमात बढतीच्या अटीचं नेमकं वाक्य काय आहे ते लेखी मागून घ्या. ताईंच्या संस्थेत 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' एवढंच होतं. काही ठिकाणी शिक्षण सुरू करण्याआधी संस्थेची परवानगी लागते. ती नसली तर पदवी हातात येऊनही सेवापुस्तकात नोंद होत नाही. अर्ज एका पानाचा असतो, तो आधीच द्यावा. आणि फौंड्रीतले, मशीन शॉपमधले डिप्लोमाधारक 'ऑनलाइन बी.ई.' विचारायला येतात, त्यांना सरळ सांगतो: इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन देताच येत नाहीत. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत चालणारे इंजिनिअरिंगचे वर्ग तंत्रशिक्षण परिषदेच्या म्हणजे एआयसीटीईच्या परवानगीनं काही कॉलेजांत असतात, पण तिथं प्रत्यक्ष जावं लागतं.

सीमाभागाचा म्हणून एक वेगळा घोळ आहे. राज्याच्या विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या विद्यापीठाचं दूरस्थ केंद्र बेळगावात असूच शकत नाही. मराठी माध्यमाच्या ओढीनं लोक तिकडे बघतात आणि मग कुणीतरी सुचवतं, "शिनोळीच्या पाहुण्यांचा पत्ता घालूया." शिनोळी म्हणजे हद्दीपलीकडचं, महाराष्ट्रातलं गाव. घालू नका. आधारवर येळ्ळूर आणि अर्जावर शिनोळी असेल तर ते पडताळणीत उघडं पडतं, आणि ते पदवी मिळाल्यानंतर नोकरीच्या वेळी पडलं तर सगळंच जातं. ऑनलाइन अभ्यासक्रमाला ही राज्याची हद्द नसते. इग्नूलाही, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यापीठालाही, नसते. ज्यांना स्वतः पुस्तक घेऊन बसायची सवय आहे त्यांनी आधी इग्नूच बघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण फी बरीच कमी पडते. ताईंना आठवड्यातून दोनदा कुणी समोर शिकवणारं हवं होतं, म्हणून त्यांनी एका खासगी विद्यापीठाचं ऑनलाइन बी.कॉम. निवडलं.

मग कागदपत्रं, आणि तिथं तीन आठवडे गेले. 2024-25 पासून अशा प्रवेशासाठी डेब-आयडी, म्हणजे दूरस्थ शिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक, लागतो. तो विद्यार्थ्यानंच यूजीसीच्या संकेतस्थळावर काढायचा असतो, त्याला क्रेडिट बँकेचा (शिकून मिळवलेले क्रेडिट जिथं जमा होतात) म्हणजे एबीसीचा क्रमांक जोडावा लागतो, आणि तो क्रमांक आधारवरून निघतो. ताईंच्या दहावीच्या कार्डावर माहेरचं आडनाव, मग नाव, शेवटी वडिलांचं आद्याक्षर. आधारवर सासरचं आडनाव, नवऱ्याचं नाव, आणि इंग्रजी स्पेलिंग केंद्रावरच्या माणसानं कन्नड उच्चारावरून घातलेलं. एका बाईची कागदावर दोन माणसं झालेली. आपल्या भागात हे इतकं सर्रास आहे की आम्ही पहिल्याच भेटीत दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघतो. आधारवरचं नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं, म्हणून घाईनं केंद्रावर पळायचं नाही. आधी विद्यापीठाला ईमेलनं विचारायचं की पदवीवर नाव कोणतं छापणार आणि लग्नानंतरच्या नावासाठी कोणता पुरावा चालेल. उत्तर लेखी घ्यायचं. ताईंचं काम विवाह नोंदणी दाखला आणि आधारवरच्या स्पेलिंगची एक दुरुस्ती यावर भागलं. आयडी काढताना ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. "आयडी आम्हीच काढतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याकडून तिथूनच उठून यायचं.

फीबद्दल दोनच गोष्टी. एकूण आकडा मागा: प्रवेश, सत्र शुल्क, परीक्षा शुल्क, राहिलेल्या विषयाचं फेरपरीक्षा शुल्क, पदवी प्रमाणपत्राचं शुल्क, सगळं धरून. पैसे विद्यापीठाच्या खात्यातच जावेत आणि पावती विद्यापीठाच्या नावाची असावी. दुसरी गोष्ट हप्त्यांची. 'बिनव्याजी ईएमआय' म्हणजे बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. प्रवेश रद्द केला तरी कर्ज आपोआप रद्द होत नाही, हप्ता चुकला की सिबिल खराब होतो. ताई स्वतः कर्जखातं सांभाळतात, हे त्यांना एका वाक्यात कळलं, आणि त्यांनी सत्राची फी सत्राला भरायचं ठरवलं. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवून यायच्या नाहीत. त्या अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे.

इथपर्यंतचं काम तसं सोपं. लोक शिक्षण सोडतात ते मान्यतेवरून नाही, तासांवरून सोडतात, आणि हा हिशेब प्रवेशाच्या वेळी कुणीच मांडून दाखवत नाही.

क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप. दूरस्थ शिक्षणात एका क्रेडिटला साधारण 30 तासांचा अभ्यास धरतात. त्यात वर्ग, वाचन, स्वाध्याय सगळं आलं. तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट, म्हणजे सहा महिन्यांच्या एका सत्राला 20, म्हणजे 600 तास. प्रवेश पक्का होऊन पुस्तकं हातात पडेपर्यंत परीक्षेला 20 आठवडे उरतात असं धरलं तर आठवड्याला 30 तास. आता ताईंचा आठवडा. पहाटे पाच ते साडेसहा, सहा दिवस: नऊ तास. संध्याकाळी धरू नका, कारण रोज दारोदारी फिरून बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांची जमा मशीनशी जुळेपर्यंत साडेसात होतात आणि मग येळ्ळूरची बस. रविवारी चार तास, तेही सासूबाई मुलांना घेऊन मळ्यात गेल्या तर. एकूण 13. वीस आठवड्यांचे 260.

600 हवेत आणि आहेत 260. हे आकडे कागदावर मांडल्यावर त्या गप्प बसल्या. पण सगळे विषय सारखे नसतात. अकौंट्स आणि बँकिंग त्या अकरा वर्षं हातानं करतायत, तिथं प्रत्येकी 30 तास पुरणार होते. इंग्रजी आणि अर्थशास्त्राला प्रत्येकी 100. झाले 260. संख्याशास्त्र पहिल्या परीक्षेला सोडायचं, असं आधीच ठरवून टाकलं. ठरवून सोडलेला विषय आणि नापास झालेला विषय यात मनाला फार फरक पडतो. मात्र सोडलेल्या विषयाचेही स्वाध्याय वेळेत द्यायचे, कारण अंतर्गत गुण 30 टक्क्यांपर्यंत असतात आणि ते चुकले तर पुढच्या वेळी लेखी परीक्षेवर सगळा भार येतो. विषय मागे ठेवायचा तर कमाल मुदत आधी विचारून घ्यावी. इग्नूच्या तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षं मिळतात. प्रत्येक विद्यापीठाचा नियम बघावा लागतो.

इंग्रजीची भीती आम्हाला वाटली त्यापेक्षा लवकर गेली. वहीत तीन रकाने: इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, आणि आपल्या टेबलावरचं उदाहरण. डेप्रिसिएशन, घसारा, नोटा मोजायचं मशीन. प्रोव्हिजन, तरतूद, थकीत कर्ज. रिकन्सिलिएशन, मेळ, पिग्मी शीट. डिव्हिडंड, लाभांश, सभासदांची सप्टेंबरमधली गर्दी. तिसरा रकाना स्वतः भरला तरच शब्द डोक्यात राहतो. छापील अर्थ उतरवून काही होत नाही.

चुका झाल्याच. पहिला स्वाध्याय त्यांनी ग्रुपवर आलेल्या उत्तरावरून उतरवला आणि तो परत आला, कारण तेच उत्तर अनेकांनी दिलं होतं आणि विद्यापीठ मजकुराचं साम्य यंत्रानं तपासतं. दुसऱ्यांदा स्वतःच्या शब्दांत दोन पानं लिहिली. इंग्रजी मोडकंतोडकं होतं तरी गुण मिळाले. ऑनलाइन सराव परीक्षेत धाकटा मुलगा दार ढकलून आत आला आणि कॅमेऱ्यानं दुसरा चेहरा म्हणून इशारा दिला. पावसाळ्यात लाईट गेली की राऊटर बंद, हीही अडचण होती. म्हणून मुख्य परीक्षा त्यांनी वडगावच्या बहिणीकडे दिली. आतून कडी, पाठीमागे कोरी भिंत, उजेड समोरून, राऊटर इन्व्हर्टरवर, मोबाइलचा डेटा पर्याय म्हणून तयार. आधीच्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळी यंत्रणेची चाचणी घेतली.

चार विषय दिले, चारही सुटले. दुसऱ्या सत्रात मार्च एंडिंग येतं, म्हणून 15 मार्च ते 10 एप्रिल त्यांच्या वेळापत्रकात अभ्यासाचा एकही तास नाही. ते तास जानेवारी-फेब्रुवारीत वाढवून घेतले आहेत. संख्याशास्त्राच्या फॉर्मची शेवटची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेननं गोल केलेली आहे. सध्या रोज पहाटे त्या बारा पिग्मी एजंटांच्या आदल्या आठवड्याच्या जमेचे आकडे, नावं न घालता, वहीत घेऊन त्यावर सरासरी आणि प्रमाण विचलन काढतायत.