दोघींची उडी २.००, मग सुवर्ण एकीलाच का?

तुम्ही विचारलंय की टोकियोच्या २०२५ च्या जागतिक मैदानी स्पर्धेत महिलांच्या उंच उडीत ऑस्ट्रेलियाची निकोला ओलिस्लागर्स आणि पोलंडची मारिया झोजिक या दोघींनीही २.०० मीटर पार केले, तरी एकीला सुवर्ण आणि दुसरीला रौप्य कसं? आणि खाली हळूच जोडलंय की तुमच्या नववीतल्या लेकीचंही तालुक्याला तसंच झालं. दोघींची उडी १.३०, हिचा दुसरा नंबर, तर पंचांनी दुसऱ्या शाळेची बाजू घेतली का?

खरा प्रश्न दुसरा आहे हे कळलं. मी सिंधुदुर्गात एका हायस्कुलात खेळ शिकवते, पंच म्हणूनही उभी राहते, आणि हा प्रश्न विचारणारे आईबाप मला दरवर्षी मैदानावरच गाठतात. तुम्ही निदान घरी जाऊन विचारलात.

पंचांनी बहुधा काही केलेलं नाही. तुम्ही तक्ता बघायला मागा. उंच उडीत पंचाकडे एक कागद असतो, त्यात डावीकडे मुलींची नावं आणि वर उंच्या. दांडी राहिली की गोल, पडली की फुली, आणि 'ही उंची मला नको, पुढच्या उंचीला येते' असं सांगितलं की आडवी रेघ. दांडीला अंग घासलं, ती थरथरली, तरी जागेवर राहिली तर गोलच. लागोपाठ तीन फुल्या झाल्या की खेळ संपला, मग त्या एकाच उंचीवरच्या असोत की दोन उंच्यांवरच्या मिळून.

आता बरोबरी झाली तर काय? आधी बघायचं की दोघींनी पार केलेल्या शेवटच्या उंचीवर कुणाला कितवा प्रयत्न लागला. जिला आधी जमलं ती वर. तिथेही सारखंच असेल तर अगदी सुरुवातीपासून त्या उंचीपर्यंतच्या सगळ्या फुल्या मोजायच्या, ज्या उंचीवर शेवटी बाद झाल्या तिथल्या सोडून. ज्या मुलीच्या फुल्या कमी, ती वर. एवढ्यानेही सुटलं नाही तर पहिल्या नंबरासाठी जादा उड्या घेता येतात. खेळाडूंनी नको म्हटलं तर पहिला नंबर दोघांना. टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांत कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी यांनी तसंच सुवर्ण वाटून घेतलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरासाठी मात्र जादा उड्या नसतात, पदक सरळ वाटून देतात. तुम्ही ज्या फायनलबद्दल विचारताय तिच्यातच कांस्य दोघींना मिळालंय, १.९७ वर युक्रेनची यारोस्लावा माहुचिख आणि सर्बियाची अँजेलिना तोपिच. पॅरिस ऑलिम्पिकलाही कांस्य दोघींचं होतं, १.९५ वर.

ओलिस्लागर्स आणि झोजिक यांचा निकाल याच हिशोबाने लागला. त्यात नवल काही नाही, बायकांच्या उंच उडीत मोठी सुवर्णपदकं कितीदा तरी तक्त्यावरच ठरलीत. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत एलेनॉर पॅटरसन आणि माहुचिख दोघी २.०२, सुवर्ण पॅटरसनचं. पॅरिसला २०२४ मध्ये माहुचिख आणि ओलिस्लागर्स दोघी २.००, सुवर्ण माहुचिखचं. सगळ्यात जिवाला लागलेला निकाल मात्र २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकचा. क्रोएशियाची ब्लांका व्लाशिच ओळीने चौतीस स्पर्धा जिंकून आली होती. २.०५ ला तिची पहिली उडी चुकली, दुसरीत जमलं. बेल्जियमच्या टिया हेलेबाउटने तीच उंची पहिल्याच प्रयत्नात मारली. आता ही हेलेबाउट मुळात सात खेळांच्या हेप्टॅथलॉनमधून आलेली. चौतीस विजय एका फुलीत गेले.

हे सगळं मला इतकं तोंडपाठ का, तर माझीही एक फुली आहे.

आमच्या घरामागे खळं होतं. तिथे मी दोन चिव्याच्या काठ्या पुरल्या होत्या, काठ्यांना खिळे, आणि दांडी म्हणून काथ्याचं सुंभ. पलीकडे पडायला भाताचा पेंढा. तो पेंढा उडवीतून मूठमूठ चोरायचा, कारण आजी खळ्यावर लक्ष ठेवून असायची. "मगे ढोरांनी काय खावचा?" हा तिचा एकच प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेंढ्यात पडलं की मानेला आणि गुडघ्यामागे जी खाज सुटते ती रात्रभर जात नाही.

तर त्या सुंभावरून मी १.४० मारते, असं मी शाळेभर सांगत सुटले होते. टेप काठीला लावून खिळ्यापर्यंत मोजलेले १.४०. एके दिवशी सर घरी आले, काही न बोलता टेप घेतली आणि सुंभाच्या मध्यावर धरली. १.३३. दोरी मध्ये झोळ खाते, आणि उडी मारणारा माणूस मधूनच जातो. खऱ्या स्पर्धेतही उंची दांडीच्या वरच्या कडेच्या सगळ्यात खालच्या बिंदूपासून मोजतात. दांडी चार मीटर लांब, दोन किलोच्या आतली, तीसुद्धा किंचित वाकतेच, पण तिला दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त झोळ चालत नाही. माझ्या सुंभाला सात होता. शाळेत तोंड लपवत फिरले आठवडाभर.

पण त्या वर्षी जिल्ह्याला पहिली आले आणि विभागीय स्पर्धेला कोल्हापूरला गेले. तिथे आयुष्यात पहिल्यांदा खरी गादी बघितली. कमरेच्या वरपर्यंत उंच, बोट दाबलं की आत जाऊन हळूहळू बाहेर येणारी. मला त्या गादीवर पडायची इतकी घाई झाली होती की १.२० ला, जी मी झोपेतही मारली असती, टाच लागून दांडी पडली. मी गादीत पडल्यापडल्या हसत होते. दुसऱ्या प्रयत्नात पार केली आणि विसरून गेले. पुढे १.४० ला आम्ही दोघीच उरलो, दोघींनाही दुसरा प्रयत्न लागला. १.४३ दोघींनाही जमली नाही. मग पंच कागदावर वाकले. बाकीच्या फुल्या सारख्या, माझी १.२० ची एक जास्त. त्या वर्षी पुढे राज्याला एकच जायची होती.

माझाही तेव्हा पक्का समज की पंच कोल्हापूरचे, पोरगी कोल्हापूरची, मग काय. परतीच्या एसटीत फोंडा घाट उतरेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. खाली उतरल्यावर सरांनी कांदाभजी घेतली आणि तिकिटाच्या मागच्या बाजूला तक्ता काढून दाखवला, गोल आणि फुल्या, दोघींच्या ओळी एकाखाली एक. भज्याचं तेल लागून तो कागद पारदर्शक झाला होता. १.२० ची फुली तरीही दिसत होती.

म्हणून लेकीला पहिलं हे विचारा की तिची पहिली फुली कोणत्या उंचीवर पडली. माझा अंदाज, खालच्या. वरच्या उंचीवर सगळ्याच जिवाच्या आकांताने उडतात. खालच्या उंचीला 'ही काय, होईल' म्हणून पळत येतात आणि शेवटची दोन पावलं चुकवतात. ओलिस्लागर्सला बघा, ती प्रत्येक उडीनंतर एका वहीत लिहून स्वतःला गुण देते. त्यात खालच्या उंचीच्या उड्याही आल्या. माहुचिख मधल्या वेळात झोपायच्या पिशवीत शिरून चक्क आडवी पडते, अंग गरम राहावं आणि डोकं थंड म्हणून. एक लिहिते, एक लोळते, पण दोघी एक मात्र करतात, प्रत्येक उडी वेगळी मोजतात. याच माहुचिखने ७ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये २.१० मारून बल्गेरियाच्या स्तेफ्का कोस्तादिनोवाचा २.०९ चा जागतिक विक्रम मोडला. तो विक्रम १९८७ चा होता, म्हणजे माहुचिखच्या जन्माच्या चौदा वर्षं आधीचा.

'मग खालच्या उंच्या सोडूनच द्याव्यात का, फुलीच नको', असं तुमच्या मनात आलं असेल. आलं नसेल तर लेकीच्या येईल. रेघ मारायला परवानगी आहे, पण शाळेच्या पातळीवर मी माझ्या मुलींना ते करू देत नाही. एक तर अंग तापलेलं नसतं. दुसरं म्हणजे थेट मोठ्या उंचीला सुरुवात केली आणि तिथेच तीन फुल्या पडल्या तर नावापुढे काहीच उरत नाही, नंबर तर सोडाच, उडीच नोंदली जात नाही.

आता पावसाचं. तुमच्या तालुक्याची स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात झाली असणार, म्हणजे लाल चिखलात. टोकियोची ती फायनलही पावसात अडकली होती, मध्ये थांबवावी लागली. लोकांना वाटतं पावसाचा त्रास म्हणजे डोळ्यात पाणी. तसं नाही. फॉसबरी पद्धतीत, म्हणजे दांडीवरून पाठ करून जायचं आणि पाठीवर पडायचं त्या उडीत, पहिली काही पावलं सरळ आणि शेवटची चार-पाच वळणावर असतात. त्या वळणावर मुलगी आतल्या बाजूला कलते, मोटरसायकलवाला घाटातल्या वळणावर कलतो तशी. तो कल शेवटच्या पावलाला सुटतो, अंग सरळ होतं आणि त्याच झटक्यात वर जाऊन दांडीवर फिरतं. जमीन ओली असेल तर कलायची भीती वाटते, कलली नाही तर वळण उघडं पडतं आणि मुलगी वर जायच्या ऐवजी दांडीच्या अंगावर जाते. आमच्या ग्राउंडवर पाय उचलायच्या जागी पावसाळ्यात खळगा पडतो आणि त्यात पाणी साठतं. प्रत्येक उडीआधी आम्ही घमेल्याने जांभ्याचा चुरा टाकतो. त्या चुऱ्यावर शेवटच्या पावलाचा ठसा अख्खा उमटला तर पाऊल बरोबर. नुसता चवडा उमटला तर ती घाबरून लांबून उडाली.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते, कारण आजकाल पोरी मोबाइलवर बघून करायला जातात. गादी नसेल तर पाठीवर पडायची उडी मारू देऊ नका. वाळूत नाही, पुळणीवर नाही, पेंढ्यात तर नाहीच. मान मोडेल. वाळू असेल तर कात्री उडी, पायांवर पडायचं. कात्री उडीला हसू नका. रुमानियाच्या योलांदा बालाशने कात्री उडीच्याच एका प्रकाराने १९६१ मध्ये १.९१ मारली होती आणि दहा वर्षं तो जागतिक विक्रम होता. आपल्या देशाचा महिलांचा राष्ट्रीय विक्रम सहना कुमारीचा, १.९२, तोही २०१२ पासून. म्हणजे बालाशच्या पुढे आपण एक सेंटिमीटर आहोत.

हरियाणाच्या पूजा सिंगचं नाव लेकीने ऐकलं असेल. गवंड्याची मुलगी. २०२५ च्या मे महिन्यात कोरियात गुमीला १.८९ मारून आशियाई विजेती झाली. सुरुवातीला तीही बांबूवरून, पेंढा भरलेल्या पोत्यांवर उडत होती. मी हे माझ्या मुलींना सांगितलं तर एकीने लगेच विचारलं, "बाई, मग आमका कित्याक नाय म्हणतास?" तिला मी सांगितलं की पूजाला पुढे गादी मिळाली, आपली अजून यायची आहे. दोन वर्षं अर्ज करतोय. तोवर आमच्याकडे काथ्या भरलेली चार गोणपाटं आहेत, त्यांच्यावर फक्त कात्री.

तक्ता शाळेकडून मागून घ्या, निकालाबरोबर तो जपून ठेवलेला असतो. बघून फुल्या इथे लिहा, १.३० वर कितव्या प्रयत्नात आणि खाली किती, दोघींच्याही. मी मोजून सांगते.