फुटबॉल गेमचे प्रश्न: स्क्रिप्टिंग, पॅक, प्रीऑर्डर आणि बाकीचं

नवीन फुटबॉल गेम आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि त्यातले अर्धे कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेल्या गोष्टींवरून असतात. मी गेम टेस्टिंगमध्ये काम करते, त्यामुळे जे माहितीय ते सरळ सांगते.

प्रश्न: एकजण 'फिफा 24' स्वस्तात देतोय. घेऊ का?

नको. असा गेमच नाही. फिफा 23 शेवटचा, मग गेम बनवणारी कंपनी ईए आणि फुटबॉलची जागतिक संघटना फिफा वेगळे झाले आणि 2023 मध्ये ईए स्पोर्ट्स एफसी 24 आला. अधिकृत स्टोअरमधूनच घ्या.

प्रश्न: फिफा 20 मध्ये युव्हेंटस दिसत नाही, अपडेट करू का?

अपडेटने येणार नाही. त्यावेळी क्लबचे हक्क कोनामी या दुसऱ्या गेम कंपनीकडे होते, म्हणून टीम 'पिमोंते काल्चो' नावाने आहे. खेळाडू खरेच आहेत.

प्रश्न: प्लेस्टेशन 4 वर पण सगळं सेमच असतं ना? विकणारा तसंच म्हणाला.

नसतं, आणि विकणाऱ्याला ते सांगायची गरज वाटत नाही. फिफा 22 चंच उदाहरण बघा. त्यासाठी 22 खेळाडूंना सेन्सरचे सूट घालून अख्खी मॅच फुल स्पीडने खेळवली आणि त्यावरून हालचाली बनवल्या, त्याला हायपरमोशन म्हणतात. ते प्लेस्टेशन 4 वर आलंच नाही, त्या वर्षी पीसीवरही नव्हतं, पीसीला मिळालं फिफा 23 पासून. बॉक्सवर नाव मात्र सगळीकडे तेच. तुमच्या कन्सोलसाठी काय काय आहे ते अधिकृत पेजवर बघा, कळलं नाही तर पैसे द्यायच्या आधी सपोर्टला विचारा.

प्रश्न: 85 व्या मिनिटानंतर माझे डिफेंडर अचानक झोपतात. गेम स्क्रिप्टेड आहे, म्हणजे मॅचचं काय होणार ते गेमच ठरवतो, हे कोर्टात सिद्ध झालंय ना?

नाही झालेलं. 2020 मध्ये कॅलिफोर्नियात केस झाली होती, कारण मॅचची अवघडपणाची पातळी चालू गेममध्ये बदलायच्या तंत्राचं पेटंट ईएकडे आहे. 'आम्ही ते या गेममध्ये वापरत नाही' असं कंपनीने सांगितलं आणि 2021 मध्ये केस करणाऱ्यांनीच ती मागे घेतली. व्हिडिओवाले पहिला अर्धा भाग सांगतात, दुसरा गाळतात. तुम्ही आधी टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्र सजवण्यात वेळ न घालवणारं सेटिंग, चालू आहे का ते बघा. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, असतील तर एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची, आणि टीव्हीने चित्र सुंदर करण्यात 100 मिलिसेकंद घालवले तर तुमचा टॅकल सहा फ्रेम उशिरा पडतो, त्यात शेवटी खेळाडूंचा स्टॅमिना संपलेला, मग डिफेंडर झोपल्यासारखाच दिसणार. वायफायऐवजी केबल लावून थोडे दिवस खेळा, तरी तसंच झालं तर क्लिप सेव्ह करून सपोर्टला पाठवा.

प्रश्न: 13 वर्षांच्या मुलाने अल्टिमेट टीमच्या (खेळाडूंची कार्डं जमवून टीम बनवायचा मोड) पॅकवर, म्हणजे आत कोण निघेल ते न कळणाऱ्या पाकिटांवर, माझ्या बँक कार्डातून बरेच पैसे उडवले. तीन आठवडे झाले. म्हणतो, इतके पॅक उघडले तर आता मोठा खेळाडू लागणारच. काय करू?

तीन आठवडे का थांबलात? आत्ता उठून अकाउंटमधून कार्ड काढा, मग कन्सोल कंपनीच्या सपोर्टला अल्पवयीन मुलाने खर्च केलाय असं कळवून रिफंड मागा, आणि बँकेलाही सांगा. सपोर्टशी न बोलता बँकेकडून पेमेंट परस्पर उलटवलंत तर अकाउंट लॉक होऊ शकतं, म्हणून हा क्रम सोडू नका.

आता ते 'लागणारच'. प्रत्येक पॅक वेगळा असतो, फाशाला आधीचं दान आठवत नाही तसंच. समजा शक्यता 1% आहे, तर शंभर पॅक उघडूनही साधारण 37% वेळा हात रिकामाच राहतो. आणि पॅकवर बऱ्याचदा '1% पेक्षा कमी' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे 0.9 की 0.01 ते कळत नाही, शिवाय तो आकडा त्या प्रकारच्या कुठल्याही कार्डाचा, त्याला हव्या असलेल्या खेळाडूचा नाही.

पॅक उघडतानाचं ॲनिमेशन मुलाशेजारी बसून एकदा बघा. आधी झेंडा, मग पोझिशन, मग क्लब, मग खेळाडू चालत येतो. प्रत्येक टप्प्यावर वाटतं, तोच असेल! खरं तर काय निघणार ते आधीच ठरलेलं असतं, तो सगळा उशीर फक्त उत्सुकता ताणायला आहे. पॅक थेट पैशांऐवजी आधी विकत घेतलेल्या पॉइंट्सनी का, तर खर्च किती झाला ते डोळ्यांपुढे राहू नये म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पुढच्या वर्षीच्या गेममध्ये यातलं एकही कार्ड जात नाही, टीम परत शून्यापासून!

बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने 2018 मध्ये असे पॅक जुगारात धरले आणि 2019 च्या सुरुवातीला ईएने तिथे पॉइंट्स विकणं थांबवलं. नेदरलँड्समध्ये मात्र 2022 ला कोर्टाने ईएवरचा दंड रद्द केला, म्हणजे कायदा सगळीकडे सारखा नाही, तुमच्याकडचा नियम वकिलाला विचारा. तोवर गेममधल्या प्लेटाइम या सेटिंगमध्ये पॅकची आणि पॉइंट्सची मर्यादा लावा, कन्सोलवर मुलाचं वेगळं अकाउंट करा. त्याला ओरडू नका, पण खेळ बंद केल्यावर तो खूप चिडत असेल किंवा खर्च लपवत असेल तर समुपदेशकाला भेटा, आणि तिथे तरी तीन आठवडे लावू नका.

प्रश्न: प्रीऑर्डर केली तर बोनस कार्ड मिळतात, करू का?

थांबा. कोनामीने जुनं इंजिन (गेम ज्यावर उभा असतो ते मूळ सॉफ्टवेअर) सोडून अनरियल या इंजिनवर नेलेला ईफुटबॉल 30 सप्टेंबर 2021 ला आला तेव्हा चेहरे बघवत नव्हते, 1.0 व्हर्जन यायला एप्रिल 2022 उजाडला. तो फुकट होता म्हणून निदान पैसे तरी गेले नाहीत. फुटबॉल मॅनेजर 25 इंजिन बदलताना दोनदा पुढे ढकलला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये रद्दच केला, प्रीऑर्डरचे पैसे परत दिले. इंजिन बदललंय असं ऐकलं की रिलीजनंतर दोन आठवडे जाऊ द्या, दुसऱ्याचा गेम हातात घेऊन बघा. तरी करायचीच असेल तर रिफंडच्या अटी सपोर्टकडून लेखी घ्या.

प्रश्न: खेळून अंगठा महिनाभर दुखतोय, कुठला कंट्रोलर चांगला?

कंट्रोलरचं नंतर. महिना झालाय, उद्याच डॉक्टरला दाखवा, आणि तोपर्यंत खेळू नका.