छोटे धक्के बसले की मोठा भूकंप टळतो का?

प्रश्न: कोयना धरणाच्या जवळ आमचं गाव, छोटे धक्के आम्हाला सवयीचेच. लहानपणापासून ऐकत आलेय की छोटे धक्के बसलेले बरे, जमिनीतला जोर निघून जातो आणि मोठा भूकंप होत नाही. खरंय का हे? आणि मुलगा म्हणतो भूकंपाचाच नियम युद्धांना आणि श्रीमंतीलाही लागतो, ते काय आहे? (एक वाचक, पाटण तालुका)

उत्तर: नाही ताई, खरं नाही, आणि या समजुतीवर निर्धास्त राहू नका. गुटेनबर्ग आणि रिश्टर या भूकंपशास्त्रज्ञांनी 1944 मध्ये कॅलिफोर्नियातल्या भूकंपांवरून दाखवलं की तीव्रता एका अंकाने वाढली की भूकंपांची संख्या साधारण दहापट कमी होते. तुमच्या कोयनेचंच बघा ना, 1962 ला धरणात पाणी साठायला लागल्यापासून 4 च्या वरचे सुमारे 200 धक्के, 5 च्या वरचे वीसेक आणि 6 च्या वरचा एकच, 11 डिसेंबर 1967 चा, 6.3 चा. पण खरी गोम ऊर्जेत आहे, एक अंक वाढला की ऊर्जा 32 पट होते, म्हणजे संख्या दहापटीने घटली तरी ऊर्जेचा मोठा वाटा त्या मोजक्या मोठ्या भूकंपांकडेच जातो. 1967 च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा 3 तीव्रतेच्या धक्क्यांतून बाहेर पडायची तर असे 90 हजारांच्या आसपास धक्के लागतील!

आकार ठरावीक पटीने वाढला की संख्या ठरावीक पटीने घटते, यालाच पॉवर लॉ म्हणतात. माणसांच्या उंचीत बहुतेक जण सरासरीच्या आसपास असतात, वीस फुटी माणूस कुठे सापडत नाही, भूकंपात मात्र 'साधारण एवढाच' असं काही नसतंच.

त्यामुळे धक्क्यांपेक्षा घराकडे बघा. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 6.2 च्या भूकंपात जवळपास 10 हजार माणसं गेली, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, ते झोपलेल्या लोकांच्या अंगावर आलं. तुमच्याही भिंती तशाच असतील तर इंजिनिअरला दाखवून चारही भिंती एकत्र बांधणारा पट्टा लिंटेलच्या (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईच्या) उंचीवर घालून घ्या.

आता मुलाचं. लुईस रिचर्डसन या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने, जो पहिल्या महायुद्धात अॅम्ब्युलन्स चालवायचा, युद्धं मृतांच्या संख्येनुसार मांडली, तर तिथेही तसंच, लहान खूप आणि प्रचंड अगदी थोडी. श्रीमंतीत पॅरेटो या इटालियन अर्थशास्त्रज्ञाला हेच दिसलं, पण ते फक्त वरच्या श्रीमंतांपुरतं बसतं. आकडे सारखे दिसले म्हणून कारणही एकच असं अजिबात नाही, खडक सरकतो तो ताणामुळे आणि पैशाकडे पैसा जातो तो व्याजामुळे, वारशामुळे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण लोक ग्राफ बघून घाईने वाट्टेल ते जोडतात.

मुलाला आवड दिसतेय, तर भूकंपांची सरकारी यादी घेऊन 3 च्या वरचे किती, 4 च्या वरचे किती असं मोजायला सांगा, आणि त्याचा ग्राफ काढायला सांगा, संख्येचा अक्ष लॉगचा ठेवायचा, म्हणजे 1, 10, 100, 1000 हे सारख्या अंतरावर. रेघ बऱ्यापैकी सरळ येईल, फक्त अगदी लहान धक्क्यांकडे वाकेल, कारण ते बरेचदा नोंदीतून सुटतात.