आईचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला आहे, म्हणजे रुमेटॉइड संधिवात झालाच का? आणखी कोणत्या तपासण्या कराव्यात?

आपण ऐरोलीहून लिहिले आहे की, आईचे वय ५८ असून तीन महिन्यांपासून सकाळी हाताची बोटे आखडतात. घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबकडून ‘आर्थ्रायटिस पॅकेज’ करून घेतले, त्यात आरए फॅक्टर २८ आला आहे (लॅबची मर्यादा २०), ईएसआर ४८, हिमोग्लोबिन ९.८, तर युरिक ॲसिड आणि एएसओ नॉर्मल आहेत. पावसाळ्यात त्यांना चार-पाच दिवस ताप येऊन गेला, असाही उल्लेख आपण ओघात केला आहे. मी पॅथॉलॉजिस्ट असून ठाण्यात नौपाड्यात लॅब चालवते, त्यामुळे असे रिपोर्ट हातात घेऊन येणारी मंडळी मला रोज भेटतात.

या रिपोर्टवरून रुमेटॉइड संधिवाताचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या आजाराचे, निदान होत नाही, आणि तो नाही असेही म्हणता येत नाही. हे निदान सांध्यांवरून होते आणि रक्ततपासणी त्याला पुरावा जोडते. आपल्या आईच्या बाबतीत अँटी-सीसीपी ही महत्त्वाची तपासणी राहिली आहे आणि सोबत, ईएसआरप्रमाणेच शरीरातील दाहाचा अंदाज देणारी सीआरपी करावी. मात्र त्याआधी एखाद्या डॉक्टरांनी त्यांच्या बोटांचा एकेक सांधा दाबून सूज आहे की नाही ते पाहिले पाहिजे, आणि पॅकेजमध्ये नेमके तेच नसते.

आरए फॅक्टर म्हणजे आपल्याच शरीरातील आयजीजी या प्रतिपिंडाविरुद्ध शरीराने तयार केलेले दुसरे प्रतिपिंड होय. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये मेंढीच्या तांबड्या पेशी वापरून केलेल्या चाचणीत त्याची प्रथम नोंद केली, १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ यांना स्वतंत्रपणे तेच आढळले, आणि १९५६ मध्ये सिंगर व प्लॉट्झ यांनी मेंढीच्या पेशींऐवजी लेटेक्सचे सूक्ष्म कण वापरले. ती लेटेक्सची चाचणी लहान लॅबमध्ये आजही होते. काळ्या वर्तुळांच्या काचपट्टीवर सीरमचा (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा) एक थेंब आणि लेटेक्सचा एक थेंब काडीने मिसळतात, पट्टी हाताने हळूहळू फिरवतात आणि दोन मिनिटांच्या आत दुधासारख्या थेंबात दाणे दिसले तर पॉझिटिव्ह धरतात. दोन मिनिटे उलटल्यावर थेंबाच्या कडा वाळू लागतात आणि निगेटिव्ह सीरमही दाणेदार दिसू शकते, त्यामुळे घड्याळाकडे लक्ष नसलेल्या माणसाच्या हातून ही चाचणी करून घेऊ नये. आपल्या रिपोर्टमध्ये आकडा दिलेला आहे, म्हणजे तपासणी यंत्रावर झाली असावी, आणि ते चांगले झाले. नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ या शेऱ्यावरून पुढचा हिशेब करता येत नाही.

आता त्या २८ चा अर्थ पाहू. रुमेटॉइड संधिवात असलेल्या शंभरांपैकी साधारण सत्तर ते ऐंशी जणांमध्ये आरए फॅक्टर सापडतो, पण तो निरोगी माणसांतही शंभरांत पाचेक जणांमध्ये सापडतो आणि वय वाढेल तसे हे प्रमाण वाढत जाते. हजार प्रौढ माणसे घेतली, तर हा आजार असलेले त्यांत फार तर आठ-दहा असतात. आठ धरले, तर त्यांपैकी सहा जणांचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या ९९२ निरोगी माणसांपैकी पाच टक्के, म्हणजे जवळजवळ पन्नास जणांचाही येईल. म्हणजे सरसकट सगळ्यांची तपासणी केली, तर पॉझिटिव्ह आलेल्या छपन्न जणांत आजारी फक्त सहा निघतील. ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये आरए फॅक्टर घालण्याला माझा विरोध आहे तो याच कारणाने. त्या पन्नास जणांना पुढचे काही महिने धास्तीत काढावे लागतात आणि हाती काही लागत नाही. आपल्या आईचे तसे नाही. त्यांना त्रास आहे, म्हणून त्यांच्या पॉझिटिव्ह रिपोर्टला जास्त वजन आहे, पण किती जास्त, हे सूज आहे की नाही त्यावर ठरेल. हिपॅटायटिस सी, क्षयरोग, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग, तसेच शोग्रेन आणि ल्युपससारखे, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार यांतही हा फॅक्टर वाढतो, हेही लक्षात असू द्यावे.

अँटी-सीसीपीची गोष्ट वेगळी आहे. आपल्या प्रथिनांमधील आर्जिनिन या घटकाचे काही ठिकाणी सिट्रुलिनमध्ये रूपांतर होते. रुमेटॉइड संधिवातात शरीर अशा बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ही तपासणी ती प्रतिपिंडे शोधते. आजार असलेल्यांपैकी साधारण साठ ते सत्तर टक्क्यांमध्ये ती सापडतात, म्हणजे आजार पकडण्यात ही तपासणी आरए फॅक्टरपेक्षा सरस आहे असे नाही. तिचे खरे बळ दुसरीकडे आहे. ज्यांना हा आजार नाही, त्यांच्यात ती पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास निगेटिव्हच येते. क्षयरोगाच्या काही रुग्णांमध्ये मात्र ती पॉझिटिव्ह येते, आणि आपल्याकडे हे विसरून चालत नाही. रक्तपेढ्यांत साठवलेल्या जुन्या नमुन्यांवरील अभ्यासांतून असेही दिसले आहे की, सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून ही प्रतिपिंडे रक्तात असू शकतात. ज्यांच्यात ती जास्त प्रमाणात असतात, त्यांच्या सांध्यांची झीज लवकर होण्याचा धोका अधिक असतो, म्हणून डॉक्टर औषधे लवकर आणि नेटाने सुरू करतात. आरए फॅक्टरच्या मानाने ही तपासणी बरीच महाग पडते, पण निदानासाठी ती एकदाच करायची असते.

ईएसआर ४८ या आकड्याने घाबरून जाऊ नये. उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, एवढेच ही तपासणी मोजते. स्त्रियांसाठी वयात दहा मिळवून निम्मे करावे असा एक ढोबळ नियम आहे, त्यानुसार आईची मर्यादा ३४ येते. शिवाय हिमोग्लोबिन ९.८ असताना ईएसआर त्यामुळेही वाढतो. नळी किंचित कलती राहिली किंवा खालचा ओटा हादरत असला तरी आकडा फुगतो. आमच्याकडे ईएसआरचा स्टँड सेंट्रिफ्यूजच्या (रक्ताच्या नळ्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्राच्या) ओट्यावर न ठेवता भिंतीत बसवलेल्या वेगळ्या कडप्प्यावर ठेवतात तो त्यासाठीच. उलट, घरून नेलेले रक्त बॅगेत चार तासांपेक्षा जास्त फिरले तर आकडा खरा असायला हवा त्याहून कमी येऊ शकतो. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. दाह सुरू होताच ते काही तासांत वाढते, ओसरताच भराभर उतरते, आणि हिमोग्लोबिन कमी असल्याचा त्यावर असा परिणाम होत नाही. आईच्या बाबतीत ईएसआरपेक्षा सीआरपीवर अधिक भरवसा ठेवावा. हृदयविकारासाठी करतात ती हाय-सेन्सिटिव्ह सीआरपी येथे लागत नाही, साधी पुरते.

पॅकेजमधील बाकीच्या गोष्टी लवकर आटोपतात. एएसओ ही घशातील जंतुसंसर्गानंतर मुलांना होणाऱ्या संधिज्वरासाठीची तपासणी आहे आणि ५८ वर्षांच्या बाईंच्या आखडलेल्या बोटांशी तिचा संबंध नाही. युरिक ॲसिड गाउटसाठी असते. एचएलए-बी२७ कोणी सुचवली, तर ती मुख्यतः पाठीच्या कण्याच्या संधिवातासाठी आहे, हे ध्यानात ठेवून कारण विचारावे. एएनए ही प्रतिपिंडांची तपासणी मात्र ल्युपसची शंका असेल तर उपयोगाची असते.

डॉक्टर हे सगळे एकत्र कसे तोलतात, ते आईच्याच आकड्यांवरून दाखवते. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमेटॉलॉजी आणि युरोपातील यूलार या संघटनांनी २०१० मध्ये गुणांची एक पद्धत ठरवली. ती मुळात संशोधनासाठी रुग्णांचे वर्गीकरण करण्याकरिता आहे, पण विचाराची दिशा तिच्यातून चांगली कळते. तिच्यात दहापैकी सहा गुण झाले तर रुमेटॉइड संधिवात धरतात. आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी मर्यादेच्या तिपटीपर्यंत असेल तर दोन गुण आणि तिपटीच्या वर असेल तर तीन. आईचा २८ हा आकडा ६० च्या आत आहे, म्हणून दोन. ईएसआर किंवा सीआरपी वाढलेली असल्याचा एक गुण, त्रास सहा आठवड्यांहून अधिक काळ असल्याचा एक. असे चार झाले. बाकीचे गुण सांधे देतात: गुडघ्यांसारखे एकाहून अधिक मोठे सांधे असतील तर एक, एक ते तीन लहान सांधे असतील तर दोन, चार ते दहा असतील तर तीन. म्हणजे हाच रिपोर्ट एका बाईंच्या बाबतीत सहा-सात गुणांवर जाईल आणि फक्त गुडघे दुखणाऱ्या दुसऱ्या बाईंच्या बाबतीत पाचावरच थांबेल. शिवाय निदान एका सांध्याला प्रत्यक्ष सूज असल्याशिवाय आणि तिचे दुसरे काही कारण नाही याची खात्री पटल्याशिवाय हे गुण मोजायचेच नसतात. बोटांच्या टोकाकडचे, नखाजवळचे सांधे आणि अंगठ्याच्या मुळाचा सांधा यांत धरत नाहीत, कारण तिथे वयोमानाच्या झिजेचा त्रास अधिक असतो. आईचे नेमके कोणते सांधे दुखतात, हे आपण लिहिलेले नाही. ते त्यांना बोटाने दाखवायला सांगावे, आणि सकाळचे आखडलेपण किती वेळ टिकते तेही विचारावे. झिजेमध्ये ते बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटते, रुमेटॉइडमध्ये अनेकदा तासभर किंवा त्याहून अधिक राहते.

पावसाळ्यातील तापाचा उल्लेख आपण सहज केला असला, तरी मला तो आरए फॅक्टरइतकाच महत्त्वाचा वाटतो. चिकुनगुनियानंतर हातापायांचे लहान सांधे कित्येक महिने दुखतात, सुजतात, सकाळी आखडतात. चित्र हुबेहूब रुमेटॉइडसारखे दिसते आणि आरए फॅक्टरही थोडा वाढलेला सापडू शकतो. ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यानंतर असे रुग्ण येतातच. चिकुनगुनियाचे आयजीएम प्रतिपिंड साधारण तीन महिन्यांपर्यंत रक्तात राहू शकते, त्यामुळे ती तपासणी करायची असेल तर आता वेळ दवडू नये. विषाणू थेट शोधणारी पीसीआर पहिल्या आठवड्यापुरतीच उपयोगाची असते, तिच्यावर आता पैसे घालवू नयेत.

अँटी-सीसीपी निगेटिव्ह आली आणि बोटांना सूज मात्र आहे, असे झाले तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून घरी बसू नये. प्रतिपिंडे अजिबात न सापडणारा रुमेटॉइड संधिवातही असतो. तिथे हातापायांचे एक्स-रे, सांध्यांची सोनोग्राफी आणि डॉक्टरांचा अनुभव यांवर निर्णय होतो. सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रे बहुधा स्वच्छच असतो, पण पुढे तुलनेसाठी तो लागतो.

शक्य असेल तर थेट रुमेटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञांना, दाखवावे. खर्चाची अडचण असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातील मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करता येईल. निदान पक्के झाले, तर मेथोट्रेक्सेट हे या आजाराचे नेहमीचे औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टर यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, हिपॅटायटिस बी व सी आणि छातीचा एक्स-रे सांगतील. तो सगळा खर्च आत्ताच करून ठेवण्याचे कारण नाही. पुढेही दर तीन महिन्यांनी आरए फॅक्टर पाहत बसू नये. औषध लागू पडते आहे का, हे सुजलेले सांधे आणि ईएसआर-सीआरपी सांगतात.

तोपर्यंत आईला कोणी स्टेरॉइडची गोळी किंवा नाव-गाव नसलेली ‘वाताची पुडी’ देऊ नये, कारण तिच्यातही अनेकदा स्टेरॉइड असते; सूज उतरते, सीआरपी खाली येते आणि तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना सांधे ठीक दिसतात. असे काही आधीच घेतले असेल तर त्याची पाकिटे सोबत न्यावीत. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी आठ-दहा दिवसांच्या औषधाने नाहीसे होत नाहीत, त्यामुळे त्या दोन तपासण्यांसाठी वेदनाशामक गोळी बंद करण्याची गरज नाही, आणि रक्त द्यायला उपाशीपोटी यावे लागत नाही.