हातपाय बारीक, वजनही ६२ किलोच, तरी पोट का सुटतं?

वजन कमी असलं तरी शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि आपल्याकडे ती आधी पोटावरच साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या ठेवणीवर बरंच काम केलंय. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) सारखाच, २२.३. पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! म्हणजे नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका, टेप घ्या. भारतीय पुरुषांत कंबर ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या वर गेली की धोका धरतात.

ही ठेवण जन्मापासूनची असली, तरी पोट वाढवतो तो रोजचा दिवस: आठ-दहा तास खुर्ची, ताटात भात-पोळीचा ढीग आणि डाळ-उसळ वाटीभर, दिवसातून चार साखरेचे चहा, रात्री दहाला जेवण आणि अपुरी झोप. दारू असेल तर तीही. तूप मात्र उगाच बदनाम झालंय. चमचाभर तुपापेक्षा सोबतची फरसाण-बिस्किटं जास्त भोवतात. वय वाढलं की स्नायू झिजतात, बायकांत पाळी गेल्यावर चरबी कंबरेकडे सरकते.

मात्र पोट थोड्याच दिवसांत फुगलं असेल, पायांवर सूज असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.