गिरगावातल्या खानावळींवरचे माझे लेख आणि फोटो दुसऱ्या साइटने जसेच्या तसे उचलले. कॉपीराइट नोंदवलेला नाही. काय करू?

नोंदणी नसली तरी हक्क तुमचाच, लिहिल्या क्षणापासून. भांडायला जाण्याआधी चोरलेल्या पानाचा पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, नाहीतर पान गुपचूप गायब होतं. फोटोची कॅमेऱ्यातली मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो पुरावा म्हणून लंगडा, कारण त्यातली तारीख-वेळेची माहिती पुसली जाते.

मग साइटच्या होस्टिंग कंपनीला (म्हणजे ती साइट ज्यांच्या सर्व्हरवर चालते त्यांना) तुमच्या मूळ लेखाची आणि चोरलेल्या पानाची अशा दोन्ही लिंक देऊन लेखी तक्रार करा. कॉपीराइट नियम, 2013 प्रमाणे 36 तासांत मजकूर हटवण्याची कारवाई अपेक्षित असते. पण तुम्ही 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून कंपनीला दिला नाही, तर मजकूर परत झळकू शकतो. इथेच बहुतेक जण गाफील राहतात. चोर दिल्लीत असला तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 मुळे, तुम्ही मुंबईत राहत असाल तर दावा इथेच लावता येतो.